‘रिले ॲक्सेस डिनाइड’ या ओळीची पार्श्वभूमी

आमच्या ऑफिसातलं स्कॅनरचं मशीन दहा वर्षं बिनबोभाट मेल पाठवत होतं. मेल सर्व्हर क्लाउडवर हलवला आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टफिक्सच्या (मेल सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ओळ आली: ‘५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड’. सगळे लागले पासवर्ड बदलायला. पण पासवर्ड चुकला असता तर ५३५ आला असता. इथे ५५४ म्हणजे रिले, अर्थात दुसऱ्याचं टपाल पुढे पोचवणं, नाकारलं: बाहेरच्या पत्त्यावरचं टपाल अनोळखी माणसाकडून घेणार नाही. मशीननं पासवर्ड दिलाच नव्हता, कारण इतकी वर्षं कुणी मागितलाच नव्हता.

ही सवय जुनी आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले, त्यांत पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोयच नव्हती. ‘मेल फ्रॉम’पुढे काहीही लिहा, सर्व्हर मान डोलावणार. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. वाटेत आलेलं दुसऱ्याचं टपाल पुढे ढकलणं हा शेजारधर्म होता.

नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी तो बरोबर हेरला. कुणाच्या तरी उघड्या सर्व्हरला मजकुराची एक प्रत आणि पत्त्यांची लांबलचक यादी द्यायची. बँडविड्थ त्याची, बदनामीही त्याचीच. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांच्या मॅप्स या स्पॅमविरोधी प्रकल्पाची, स्पॅमला थारा देणाऱ्या पत्त्यांची काळी यादी आली. १९९८ मध्ये सेंडमेल या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या ८.९ व्हर्जननं रिले मुळातच बंद ठेवून द्यायला सुरुवात केली. सगळ्यांना ते पटलं नाही. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक, जॉन गिलमोर, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा धरून आपला सर्व्हर उघडाच ठेवून बसले. त्यापायी २००१ मध्ये त्यांच्या इंटरनेट कंपनीशी त्यांचं वाजलं. माणूस तत्त्वाचा, पण स्पॅम गाळत बसणाऱ्याला त्याचं कौतुक कसं वाटावं?

दार लावल्यावर घरचीच माणसं बाहेर अडकली. मग आयपी पत्त्यांची यादी ठेवून आतल्यांना सोडायचं, किंवा आधी पॉपनं, म्हणजे आलेली मेल उतरवून घेण्याच्या पद्धतीनं, मेल तपासायला लावायची आणि त्या आयपीला थोडा वेळ मुभा द्यायची, असे जुगाड झाले. खरा उपाय मार्च १९९९ चा: आरएफसी २५५४, म्हणजे एसएमटीपी ऑथ, पाठवणाऱ्यानं पासवर्ड देऊन ओळख पटवायची सोय. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर १९९८ मध्ये, आपल्या माणसांनी मेल सोपवायला ५८७ हे वेगळं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार, ठरलं. २५ उरलं सर्व्हर-सर्व्हरमधल्या व्यवहाराला. सेटिंग तपासताना निम्मा घोळ इथेच सापडतो.

आमचं मशीन यादीच्या भरवशावर जगत होतं. पोस्टफिक्सच्या ‘मायनेटवर्क्स’ या विश्वासू पत्त्यांच्या यादीत ऑफिसचं लॅन (अंतर्गत नेटवर्क) होतं, सर्व्हर क्लाउडवर गेला आणि मशीन परकं झालं. कुणीतरी सुचवलं, ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी यादीत घाला. पण आमचा आयपी बदलता. उद्या तो ज्याच्या वाट्याला येईल, त्याला आमच्या सर्व्हरवरून मोकळं रान. असे अपघात नवे नाहीत. रिलेची परवानगी आणि स्पॅमचे नियम एकाच ओळीत लिहायचे, त्यात एक शब्द मागेपुढे झाला की सर्व्हर उघडा पडायचा. म्हणून २०१३ च्या २.१० व्हर्जनपासून पोस्टफिक्सनं रिलेच्या अटींची ओळच वेगळी काढली.

राहिलं ऑथ चालू करणं. ‘ऑथ लॉगिन’ ही त्यातली एक पद्धत पासवर्ड बेस६४ या साध्या अक्षर-रूपांतरात पाठवते. ते कुलूप नव्हे, नुसता पडदा, कुणीही सरकवावा. त्यामुळे आमचा सर्व्हर टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, जुळल्याशिवाय ऑथचं नावही काढत नाही. मशीनला मात्र टीएलएस १.० च्या पुढचं काही येत नाही, आणि ते व्हर्जन २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघालं.

शेवटी ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर छोटा पोस्टफिक्स बसवला. तो फक्त लॅनमधून मेल घेतो आणि ५८७ वरून, टीएलएस जुळवून, रीतसर पासवर्ड देऊन क्लाउडवर पोचवतो. मशीनला अजूनही कुणी पासवर्ड विचारलेला नाही.