जुन्या पिकअपचं नाक खाली आणताना

जुनी पाट्यांवरची (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवरची) पिकअप कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन "पुढनं दोन इंच खाली बसवा" म्हटलं, की सगळ्यात स्वस्त उपाय लगेच पुढे येतो: दोन पाटे काढून टाकू. तासाभराचं काम, आणि गाडी खाली बसतेही. पण ही उंची उसनी आहे.

हिशेब करून बघा. एका बाजूला आठ सारख्या जाडीचे पाटे आहेत, त्यावर ४०० किलो भार आहे आणि त्या भाराखाली कमान, म्हणजे पाट्यांचा संच, १०० मिमी दबते असं धरू. दोन पाटे काढले की ताठपणा सहा-अष्टमांश उरतो आणि दबणं १३३ मिमी होतं. मिळाले ३३ मिमी. त्या बदल्यात उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण एक तृतीयांशाने वाढला, कमान मऊ झाली आणि बंप रबरपर्यंतची (आक्सल वर आपटू नये म्हणून चेसीला लावलेल्या रबरापर्यंतची) जागाही घटली. करूळ घाटातला एखादा खड्डा आला की आक्सल थेट चेसीला धडकतो. मग पाटा तुटतो, तोही बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध जोडणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी, कारण तिथे वाकवणारा जोर सर्वांत जास्त आणि भोकामुळे पोलाद सर्वांत कमी. (कॉइल स्प्रिंगचं याच्या उलट: वेढा कापला की ती ताठ होते. अमेरिकेतल्या शेवरोलेच्या पिकअपला १९६३पासून पुढे कॉइल आली, त्यामुळे तिकडचे सल्ले पाट्यांच्या गाडीला लावू नयेत.)

दुसरी चूक पाटा आणि आक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालण्याची. पाटा आक्सलच्या खालून जात असेल, तरच मधल्या ठोकळ्याने गाडी खाली येते. पाटा आक्सलच्या वर असेल, तर त्याच ठोकळ्याने ती वर जाते. शिवाय ब्रेक लागला की उंच ठोकळा पाट्याला पिळतो, म्हणून पुढच्या आक्सलला तो टाळलेलाच बरा.

खरा उपाय मेन पाट्याच्या, म्हणजे सर्वांत लांब पाट्याच्या, डोळ्यात आहे: चेसीला जोडण्यासाठी त्याच्या टोकाला वळवलेल्या गोल कडीत. मूळ डोळा वरच्या बाजूला वळलेला असतो. तो खाली वळवला की ताठपणाला हात न लावता चेसी उतरते. किती? डोळ्याचा आतला व्यास अधिक पाट्याची जाडी. डोळा ३८ मिमी आणि पाटा ७ मिमी असेल तर ४५ मिमी. त्यासाठी मेन पाटा नवा करून घ्यावा. स्प्रिंगचं पोलाद साधारण ८५० ते ९०० अंशांवर तापवून तेलात बुडवतात, मग ठिसूळपणा जावा म्हणून ४५० ते ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवतात, म्हणजे टेम्परिंग करतात. जुना पाटा गॅसने लाल करून हातोडीने वळवला, तर तेवढ्या भागाचं टेम्पर जातं. दुसऱ्या पाट्याचं टोक मूळ डोळ्याला वेढून असेल तर तेही बदलावं लागतं.

संच खोलताना सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळा, नाहीतर पाटे उसळतात. चेसी स्टँडवर, आक्सल जॅकवर. आता फक्त मेन पाटा लावून आक्सल हळूहळू वर घ्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा: टायर मडगार्डला, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारी स्टिअरिंगची दांडी) इंजिनखालच्या ऑइल पॅनला लागतो का? पूर्वी ७५ मिमी असलेली बंपची जागा आता ३० उरते, म्हणून बंप रबर आणि शॉकअप दोन्ही आखूड हवेत. जुना शॉकअप आतून तळाला टेकून फुटतो. पाटे आक्सलला बांधणारे यू-बोल्ट नेहमी नवे. १२ मिमी यू-बोल्टला साधारण ८५ न्यूटन-मीटर, आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळणं. डोळ्यातल्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

राहिला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचा मागे झुकलेला कोन. व्हीलबेस २५०० मिमी असेल तर पुढून ४५ मिमी उतरल्याने चेसी साधारण एक अंश पुढे झुकते आणि कॅस्टर तितकाच घटतो. मग स्टिअरिंग वळणातून आपोआप सरळ येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. एक अंशाची पोलादी पाचर यावर पुरते. ॲल्युमिनियमची नको, ती चेपते. पाटा आक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे, खाली असेल तर पुढे. उलटी बसली तर दोष दुप्पट होतो. नंतर ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची) लांबी जुळवून स्टिअरिंग मध्यावर आणा आणि टो-इन, म्हणजे पुढची चाकं किंचित आत वळलेली असण्याचं माप, तपासा.

हेडलाइटही तितकेच झुकलेले असतात: दहा मीटरवर झोत जवळपास १८ सेंटिमीटर खाली पडतो. उसाच्या हंगामात रात्री दिवा नसलेली ट्रॉली समोर असते, तेव्हा हे अंतर मोलाचं असतं, म्हणून भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट त्याच दिवशी नीट लावून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२मध्ये गाडीतल्या फेरफारांचे नियम आहेत, तेव्हा पाटे खोलण्याआधीच आरटीओत विचारून या.