झिजलेल्या कडांचं अक्षर

जाडजूड, रांगडा, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसणारा फॉन्ट पाहिला की तो जुना वाटतो. लाकडी ठोकळ्यावरून छापलेला, शिक्क्यातून उमटलेला, नाहीतर स्टेन्सिल धरून भिंतीवर रंगवलेला. प्रत्यक्षात तो संगणकावर जन्मलेला असतो आणि त्याच्या कडेवरचा एकेक टवका कुणीतरी मुद्दाम पाडलेला असतो. छापखान्यात ज्यासाठी कामगाराला बोलणी बसली असती, ते इथे पैसे मोजून विकत घेतलं जातं.

मुळात हा दोष लाकडाचा आणि शाईचा. एकोणिसाव्या शतकात जाहिरातींची भित्तिपत्रकं वाढली आणि मोठ्या अक्षरांची मागणी आली. शिशाच्या मिश्रधातूत फार मोठे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, ओतले तर ते जड होत, महाग पडत आणि थंड होताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नसे. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनं लाकूड कोरणाऱ्या राउटरवर अशी अक्षरं भराभर बनवायला सुरुवात केली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थनं त्याला पँटोग्राफ, म्हणजे आकृतीची लहानमोठी नक्कल काढणारी सांधेदार दांड्यांची चौकट, जोडला, त्यामुळे एकाच नमुन्यावरून लहानमोठ्या मापाची अक्षरं कोरता येऊ लागली. लाकूड बहुधा मेपलचं, तेही खोडाच्या आडव्या कापाचं, म्हणजे तंतू उभे राहून दाब सोसतील असं. तरी वापरून वापरून कोपरे उडायचे, ओरखडे पडायचे. त्यात शाईची खोडी वेगळीच: दाब पडला की ती अक्षराच्या कडेकडे सरकते, तिथे गडद वळ उठतो आणि मधला भाग फिका राहतो.

पण एवढी मोडतोड होऊनही अक्षर वाचता कसं येतं? मला या फॉन्टमधली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते, आणि तिचं उत्तर डोळ्यापाशी आहे.

आपली दृष्टी प्रतिमेतले ढोबळ आणि बारीक तपशील वेगवेगळ्या चाळण्यांतून गाळते. जोशुआ सॉलोमन आणि डेनिस पेली या दृष्टिसंशोधकांनी १९९४ मध्ये अक्षरांवर निरनिराळ्या जाडीचा दृश्य 'गोंगाट' टाकून पाहिला. अतिबारीक ठिपक्यांनी फारसं बिघडलं नाही, अतिढोबळ डागांनीही नाही. ओळख सर्वाधिक बिघडली ती अक्षराच्या रुंदीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या साधारण तीन जोड्या मावतील इतक्या जाडीच्या गोंगाटानं. म्हणजे अक्षर ओळखताना डोळा त्याच सुमाराच्या तपशिलावर भिस्त ठेवतो. कडेवरची खरखर त्याहून पुष्कळ बारीक असली, तर अक्षर सुखरूप राहतं आणि खरखर निराळी उरते. ती आपण 'लाकूड', 'दगड', 'झिजलेला रंग' म्हणून वाचतो.

पुढच्या संशोधनात आणखी एक बारकावा दिसला: लहान अक्षर आपण त्याच्या ढोबळ रेघांवरून ओळखतो, मोठं अक्षर मात्र कडांवरून. रांगडा फॉन्ट मथळ्यातच का खुलतो, याचं याहून नेमकं कारण मला तरी माहीत नाही. अंतराचाही हिशेब करता येतो. चांगल्या नजरेला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा दिसतो. दहा मीटरवर ते जवळजवळ तीन मिलिमीटर होतात. अर्ध्या मिलिमीटरचे टवके पावणेदोन मीटरच्या पलीकडे विरघळून जातात. मग उरतं फक्त जाड अक्षर.

आणि ते जाड असावंच लागतं. बारीक रेघेचा लचका तोडला तर रेघच तुटते, जाड रेघ तो पचवते. मात्र जाडीमुळे अक्षराच्या पोटातली पोकळी आक्रसते, तिथे खरखर शिरली की पोकळी बुजते. देवनागरीत ही तारांबळ जास्त. 'व' आणि 'ब' यांना वेगळं ठेवणारी एक तिरपी रेघ, 'घ' आणि 'ध' यांना वेगळं ठेवणारी शिरोरेषेतली एक फट; टवका नेमका तिथे पडला तर शब्दच बदलतो. शिवाय शिरोरेषा अक्षराअक्षराला जोडत जाते. प्रत्येक अक्षरानं आपल्या टोकाशी मनमानी केली तर सांध्यावर पायऱ्या दिसतील, म्हणून टोकं गुळगुळीत ठेवून खोडसाळपणा मधल्या भागात करावा लागतो.

सोंग उघडं पडतं ते पुनरावृत्तीत. एका शब्दात दोन 'न' आले आणि दोघांच्या एकाच जागी एकच खोक दिसली, की लाकूड खलास, संगणक हजर. एरिक फान ब्लोकलँड आणि युस्ट फान रोसम या डच जोडीनं यावर अफलातून तोड काढली. १९९० मध्ये आलेल्या त्यांच्या बिओवुल्फ फॉन्टमध्ये अक्षराची बाह्यरेषा ज्यांच्यावरून आखली जाते ते बिंदू छापताना यदृच्छेनं हलायचे, त्यामुळे तेच अक्षर दुसऱ्यांदा तसंच उमटत नसे. ओपनटाइप या आजच्या प्रचलित स्वरूपातले काही फॉन्ट एकाच अक्षराची दोन-चार रूपं बाळगतात आणि ती आलटून पालटून वापरतात. फॉन्ट घेण्यापूर्वी ही सोय आहे का, ते जरूर पाहावं.

बिंदूंचा भारही असतो. गुळगुळीत रोमन 'ओ' आठ बिंदूंत बसतो, खरखरीत 'ओ'ला शेकडो लागू शकतात. विनाइलच्या चिकट पत्र्यातून अक्षरं कापणारं यंत्र, म्हणजे प्लॉटर, अशा कडेवर अडखळतं आणि कापलेले इवलेसे दात सोलताना उचकटून येतात. रबरी शिक्का बनवायचा असेल तर सरळ गुळगुळीत फॉन्ट द्यावा. पाचपन्नास वेळा शाईच्या गादीवर आपटला की उरलेलं काम तो स्वतःच करतो.