ऑक्सिजन मागणी (सांडपाणी व नदीजल)

पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांच्या ऑक्सिडीभवनासाठी लागणाऱ्या ऑक्सिजनाचे, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगितले जाणारे प्रमाण. सूक्ष्मजंतूंकरवी वापरला जाणारा ऑक्सिजन जीवरासायनिक मागणीत (बीओडी), तर आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटाने मोजलेला रासायनिक मागणीत (सीओडी) धरतात.

बीओडी मोजण्यासाठी नमुना ठराविक तापमानात बाटलीत बंद ठेवतात; त्याच्या पाच दिवसांच्या मुदतीचा उगम सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी १८९८ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश शाही आयोगाच्या १९१२ च्या आठव्या अहवालाकडे नेला जातो. ब्रिटनमधील नद्यांचे पाणी पाच दिवसांत समुद्रास मिळते, हे त्याचे कारण सर्रास दिले जाते. तथापि सेंद्रिय द्रव्यांऐवजी अमोनियाच्या ऑक्सिडीभवनासाठी ऑक्सिजन वापरणाऱ्या नायट्रीकारक जंतूंचा प्रभाव सामान्यतः त्यानंतर वाढतो, हे मुदत टिकून राहण्याचे कारण अधिक पटण्याजोगे आहे. आयोगाचे ६५° फॅ. (सुमारे १८·३° से.) तापमान पुढे २०° से. झाले. भारतात २७° से. व तीन दिवस ही रीत रूढ आहे. मागणी पूर्ण होण्याच्या वेगाच्या नेहमीच्या गृहीत स्थिरांकांनी हिशेब केल्यास पाच दिवसांत अंतिम मागणीचा सुमारे ६८ टक्के, तर तीन दिवसांत सुमारे ६१ टक्के भाग पूर्ण होतो. म्हणून दोन्ही आकडे सरसकट समान मानू नयेत.

विरघळलेला ऑक्सिजन विंक्लर पद्धतीने (१८८८) वा विद्युत्-अग्राने मोजतात. २०° से.ला पाण्यात तो लिटरमागे जेमतेम ९ मिग्रॅ. मावतो, आणि सांडपाण्यास तो पुरत नाही, त्यामुळे सांडपाणी विरल करूनच बाटलीत भरावे लागते. नदीचे पाणी पुष्कळदा तसेच चालते.

खानदेशात तापी, गिरणा व पांझरा यांचे नमुने घेताना उन्हाळा ही मुख्य अडचण असते. भुसावळ-जळगावकडे पारा ४५° से.च्या आसपास जात असल्याने उष्मायकाला (बाटल्या ठराविक तापमानात ठेवण्याच्या पेटीला) येथे तापवण्याऐवजी थंड करण्याचेच काम अधिक पडते. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावा; विरघळलेल्या ऑक्सिजनाच्या नमुन्यात मात्र तो बांधून ठेवणारी विंक्लर पद्धतीची द्रव्ये, मँगॅनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड, नदीकाठावरच घालावी. चांगदेवजवळ तापीस मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा (खाऱ्या भूजलाचा प्रदेश) आहे. तेथील विहिरींचे पाणी मिसळलेल्या सांडपाण्यात क्लोराइड तपासून ते बांधून ठेवणारे मर्क्युरिक सल्फेट पुरेसे घातले नाही, तर डायक्रोमेट क्लोराइडावरही खर्च होऊन सीओडी फुगलेली दिसते.