पी५३ची मोकळी शेपटी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या मामांनी एक मेसेज पुढे ढकलला. अमुक काढा घ्या, शरीरातलं ‘कॅन्सर मारणारं प्रोटीन’ जागं होतं. प्रोटीनचं नावही दिलं होतं: पी५३. नाव खरं आहे, पी५३ हे बिघडलेल्या पेशींना आवर घालून कॅन्सर रोखणारं प्रोटीन; बाकीचं सोडा. पण माझ्या लाडक्या रेणूचा विषय आयताच निघाला, तर आता गप्प बसवत नाही.

आपल्याकडे प्रोटीन म्हटलं की मटकीची उसळ, अंडी, नाहीतर जिमवाल्यांचा डबा. पेशीच्या आत मात्र प्रोटीनं ही राबणारी मंडळी, हजारो प्रकारची, आणि एकट्याने काम उरकणारी त्यात थोडीच. कोण कोणाला चिकटतं याचा नकाशा काढला तर बहुतेकांच्या ओळखी दोन-चार, मोजक्यांचा गोतावळा मात्र अफाट. या मोजक्यांना ‘हब’ म्हणतात. २००१ साली यीस्टच्या १,८७० प्रोटीनांचा असा नकाशा तपासला गेला. पाच किंवा त्याहून कमी जोड असलेल्यांपैकी २१ टक्के प्रोटीनं अशी होती की ती काढली तर यीस्ट मरतं. पंधराहून जास्त जोड असलेल्यांत हेच प्रमाण ६२ टक्के निघालं. झालं, ‘ज्याच्या ओळखी जास्त तो महत्त्वाचा’ हे समीकरण रूढ झालं. पी५३ही असाच एक हब, पण या समीकरणात ते धड बसत नाही.

त्याचा शोधसुद्धा ते दुसऱ्याला चिकटलेलं असताना लागला. १९७९च्या सुमारास एसव्ही४० या माकडांमधल्या विषाणूवर काम चालू होतं. विषाणूचं प्रोटीन पेशीतून वेगळं काढलं की सोबत आणखी काहीतरी येई. प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्याचं वजन ५३ किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) दिसलं, म्हणून पी५३. खरं वजन ४४च्या आसपास. त्याच्यात प्रोलिन हे अमिनो आम्ल बरंच असल्यामुळे ते जेलमधून रेंगाळत सरकतं, आणि रेंगाळणारं ते जड असं आपण धरतो. पण बारसं होऊन गेलं होतं, नाव कोण बदलणार!

आता माझा आवडता भाग. शाळेत आपण कुलूप-किल्ली शिकलो: प्रत्येक प्रोटीनचा ठरलेला आकार, त्यात बसणारा ठरलेला जोडीदार. मग एकच किल्ली इतक्या कुलपांना लागते कशी? पी५३ ही ३९३ अमिनो आम्लांची माळ आहे. मधला भाग व्यवस्थित घडी घालून डीएनए पकडतो. दोन्ही टोकं मात्र लेंग्याच्या नाडीसारखी लोंबती, स्वतःचा पक्का आकार नसलेली. शेवटाकडचा वीसेक अमिनो आम्लांचा तुकडा बघा. एस१००बी हे प्रोटीन भेटलं की तो मळसूत्रासारखा वळतो. सर्टुइन भेटलं की ताणून सरळ पट्टी होतो. सायक्लिन एला चिकटताना दोन्हींपैकी काहीच नाही. याच तुकड्यात ३८२ क्रमांकावर लायसिन हे अमिनो आम्ल आहे. त्यावर ॲसिटिल या छोट्या रासायनिक गटाची बारीकशी टिकली लागलेली असेल तर सीबीपी हे आणखी एक प्रोटीन येऊन बसतं. सर्टुइनचं काम तीच टिकली पुसायचं. म्हणजे एकच नाडी, गाठ मात्र समोरच्याप्रमाणे.

आणि मोकळ्या नाडीला एका आकारात डांबायचं तर एन्ट्रॉपीची, म्हणजे हवं तसं हलायचा मोकळेपणा गमावण्याची, किंमत मोजावी लागते. जोडीदार नेमका ओळखला जातो, पण जुळण्यातून मिळालेली बरीच ऊर्जा त्या किमतीत खर्ची पडते आणि पकड बेताचीच उरते. भेट झाली, काम झालं, सुटलं. (हा परिच्छेद जड गेला असेल तर नाडी तेवढी लक्षात ठेवा.)

हब दोन तऱ्हांचे असतात, अशी मांडणी २००४ साली झाली. काही सगळ्यांना एकाच वेळी धरून बसतात, ते ‘पार्टी हब’. काही एकेकाला वेगवेगळ्या वेळी भेटतात, ते ‘डेट हब’. मी त्यांना पंगत आणि कासार म्हणतो. कासाराची ओळख घरोघरी, पण बांगड्या एका वेळी एकाच हातात भरतो. ही विभागणी इतकी स्वच्छ नाही अशी टीका पुढे झाली, ती योग्यच आहे. शिवाय पी५३च्या ओळखी इतक्या दिसतात त्याचं एक कारण म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक त्याच्याच मागे लागले आहेत. ज्याच्या दारात रोज पाळत, त्याचेच पाहुणे वहीत जास्त.

तर, एवढा गोतावळा असलेलं पी५३ काढून टाकलं तर? १९९२ साली तसे उंदीर तयार केले. ते बहुतेक धडधाकट जन्मले. काही महिन्यांत मात्र त्यांना कॅन्सरच्या गाठी झाल्या. याउलट एमडीएम२ घ्या. हे प्रोटीन पी५३च्या पुढच्या टोकावरची तीन अमिनो आम्लं आपल्या खाचेत धरतं, त्याचं तोंड बंद करतं आणि त्याला नष्ट करण्यासाठी खूण लावतं. एमडीएम२ नसलेले उंदीर गर्भातच मेले. पण १९९५मध्ये दोन्ही जनुकं एकदम काढली, तर पिल्लं जन्मली! म्हणजे त्यांना मारत होतं ते लगाम सुटलेलं पी५३. २००२ साली पी५३ जरा जास्तच सक्रिय असलेले उंदीर पाहिले गेले. त्यांना गाठी कमी झाल्या, पण हाडं लवकर ठिसूळ झाली, वजन घटलं, अकाली म्हातारपण आलं.

एमडीएम२च्या त्या तीन अमिनो आम्लांच्या खाचेत बूच मारणारे रेणू २००४पासून माहीत आहेत. त्यांच्यापासून आणि तशाच कल्पनेवर बनवलेली औषधं रुग्णांना देऊन पाहिली, तेव्हा एक त्रास वारंवार दिसला: रक्तातल्या प्लेटलेट घटतात, कारण अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींमधलं पी५३ही जागं होतं. मामांचा काढा खरंच ते काम करत असता, तर त्यांना आधी प्लेटलेट मोजून घ्या म्हणावं लागलं असतं.