दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला निघालात? आधी ब्लॉक मागून घ्या

‘मंडळींचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, मुंबईला दाखवायचं आहे, फाईल लावून द्या.’ बेळगावातल्या आमच्या दुकानात आम्ही पेशंटच्या कागदांची फाईल लावून देतो, तिथे काउंटरवर हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं. मंडळी म्हणजे बायको. बाई आल्या असतील तर ‘आमच्या मालकांचं’ म्हणतात, एवढाच फरक. सोबत कापडी पिशवी. तिच्यात सीटी स्कॅनची मोठी पाकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिकलच्या पावत्या, रक्ताचे रिपोर्ट आणि मधेच कुठेतरी अंगाऱ्याची पुडी. सगळं असतं, पण ब्लॉक नसतो.

ब्लॉक म्हणजे काय, हे बहुतेकांनी रिपोर्टवर वाचलेलं असतं, पण तो हातात घेऊन न्यायची वस्तू आहे हे लक्षात येत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग लॅबमध्ये जातो. तिथे तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग त्याचे छोटे तुकडे करून मेणात बसवतात. हाच ब्लॉक. त्याचे चार-पाच मायक्रॉनचे, केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर रंगवतात, ती स्लाईड. बायोप्सीचा रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरांनी त्या काचा बघून लिहिलेलं मत. दुसरं मत हवं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांनीही त्याच काचा बघायला नकोत का? पहिल्यांचं लिहिलेलं वाचून ते वेगळं काय सांगणार?

ऑपरेशनच्या आधी नवीन डॉक्टर स्वतः गाठ तपासू शकतात, पुन्हा बायोप्सी घेऊ शकतात. ऑपरेशननंतर ती सोय राहत नाही. गाठ आता पेशंटच्या अंगात नाही, ती त्या मेणाच्या तुकड्यात आहे. काढलेल्या भागाच्या कडेला आजार उरला होता का, तोंडाचा कॅन्सर असेल तर मानेतल्या किती गाठी (लिम्फ नोड) काढल्या, त्यातल्या किती बाधित होत्या, आजार किती खोल गेला होता, रेडिएशन किंवा केमो द्यायची का, ही सगळी उत्तरं तिथून निघतात. आणखी एखादी खास तपासणी करायची झाली तरी तीही ब्लॉकवरच होते.

हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. आमच्याच घरात घडलं. तेव्हा हे नुसतं झेरॉक्सचं दुकान होतं. माहेरी लागलेल्या मिश्रीच्या सवयीनं आमच्या मंडळींना गालाचा कॅन्सर झाला. मोठं ऑपरेशन झालं, मांडीची कातडी घेऊन गाल शिवला, जखम मधेच उसवली म्हणून पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं. मन बिथरलं. पुण्याचा भाचा म्हणाला, मुंबईला दाखवा. सर्जनना वाईट वाटेल म्हणून न सांगता आम्ही गाडीत बसलो. ओपीडीत पहिलाच प्रश्न, ‘स्लाईड-ब्लॉक कुठे आहेत?’ पोरगा परत बेळगावला आला, तर लॅबवाले म्हणाले डॉक्टरांची चिठ्ठी आणा. म्हणजे ज्यांच्यापासून लपवलं त्यांच्याच दारात. ते म्हणाले, ‘आधी सांगितलं असतं तर मीच पाठवलं असतं की.’ तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतरचं रेडिएशन शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असं मानतात. आमचे त्यातले अकरा दिवस रेल्वेत आणि लॉजवर गेले. मत शेवटी आमच्या सर्जनच्या मतासारखंच निघालं.

म्हणून दुकानात आलेल्याला आम्ही पहिलं विचारतो, ‘तुमच्या सर्जनना सांगितलंय का?’ काही जणांना हा प्रश्न आवडत नाही. ‘तुम्ही फक्त फाईल लावा’ म्हणतात. पण चोरून घेतलेल्या मताला ब्लॉक मिळत नाही, ऑपरेशन नोट मिळत नाही, आणि जे मत मिळतं ते अर्ध्या कागदांवरचं असतं. सर्जनसमोर काय बोलावं सुचत नसेल तर हे म्हणा, ‘डॉक्टर, पुढच्या उपचाराबद्दल आणखी एकांचं मत घ्यावं म्हणतो. ऑपरेशन नोट, आणि लॅबला ब्लॉकसाठी चिठ्ठी मिळेल का?’ एवढंच. ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असं यात कुठेच येत नाही. आणि हा उपकार नाही बरं का. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्जाचा नमुना आमच्याकडे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार आहे, त्याचे पैसे घेत नाही.

अर्जावर सही मात्र पेशंटची लागते. ‘तिला अजून सांगितलेलं नाही, साधी गाठ म्हटलंय’ असं सांगून नवऱ्याच्या सहीवर काम करा म्हणणारे येतात. आम्ही करत नाही. त्या बाई रिपोर्टवरचा शब्द वाचत नसतील, पण वॉर्डातल्या शेजारणीनं त्यांना केव्हाच सांगितलेलं असतं.

आता ऑपरेशन नोटचं. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव आणि तीन-चार ओळी असतात, लोक तेवढ्यालाच नोट समजतात. खरी नोट वेगळी. आत काय दिसलं, काय काढलं, काय ठेवलं, कुठे अडचण आली, हे तिच्यात असतं. तुमचा प्रश्न ‘जखम का भरत नाही’, ‘पुन्हा ऑपरेशन लागेल का’ असा असेल, तर ब्लॉकपेक्षा ही नोट, आयसीयूचे कागद आणि ऑपरेशननंतरचा स्कॅन जास्त कामाचे. प्रश्न ‘रेडिएशन-केमो घ्यायची का’ असा असेल तर ब्लॉक आधी. म्हणून आम्ही कोऱ्या कागदावर तुमचा प्रश्न लिहून घेतो आणि तो फाईलच्या पहिल्या पानावर लावतो. ‘सगळं ठीक आहे का बघा’ हा प्रश्न नव्हे. ओपीडीत डॉक्टरांपुढे तुम्हाला काही मिनिटंच मिळतात, ती पिशवी उपसण्यात घालवू नका.

ऑपरेशनच्या आधीचा स्कॅनही तेवढाच महत्त्वाचा. फिल्म चालते, पण सीडी हवी. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी. फिल्म खिडकीला धरून काढलेला व्हॉट्सअॅप फोटो आम्ही घेत नाही. यावरून दुकानात आवाज चढलेत, तरी घेत नाही. सीडी हरवली असेल तर स्कॅन सेंटरला जुनी पावती दाखवून दुसरी मागा. ती आम्ही उघडून बघतो, पेनड्राइव्हवर कॉपी करून देतो. कोरी सीडी घेऊन मुंबई गाठणारे कमी नाहीत.

एक आपल्या भागातला घोळ. नाव. आधारवर इंग्रजीत लक्ष्मी ‘के-एस-एच’नं, हॉस्पिटलच्या फाईलवर ‘एक्स’नं, आणि लॅबनं नवऱ्याचं नाव गाळून नुसतं आडनावाचं आद्याक्षर पुढे लावलेलं. तीन कागदांवर तीन बायका. मोठ्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर हे अडतं. निघण्याआधी लॅब आणि हॉस्पिटलकडून दुरुस्ती करून घ्या, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना तेही तिथेच बघा. मोठ्या ऑपरेशनचे वीस-पंचवीस ब्लॉकसुद्धा असू शकतात. कोणते न्यायचे ते लॅबच्या डॉक्टरांनाच निवडायला सांगा. लॅब सही घेते, कधी अनामतही घेते. त्यांच्याही जबाबदारीचा मामला आहे, भांडू नका.

कुठे जायचं, हे आम्ही सुचवत नाही. कुणाकडून कमिशनही घेत नाही. बेळगाव मधोमध आहे, मुंबई आणि बेंगळूर दोन्हीकडे साधारण पाचशे किलोमीटर. निपाणी-चिकोडीकडचे लोक परळच्या टाटा मेमोरियलला जातात, काही जण बेंगळूरच्या किदवाई कॅन्सर हॉस्पिटलला. टाटाशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवाही आहे. तिथे कागद स्कॅन करून चढवायचे असतात, त्यामुळे स्कॅन स्वच्छ आणि क्रमानं लागतो, पण काचा कुणी तपासत नाही हे ध्यानात ठेवा. पेशंटला प्रवास झेपत नसेल तर नवरा किंवा मुलगा ब्लॉक घेऊन आधी जाऊ शकतो का, ते त्या हॉस्पिटलला फोन करून विचारा.

रेल्वेची सवलत लोक विसरतात. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो. आरोग्य योजनांचे, तसंच महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केलेल्या सवलतीचे फॉर्म आम्ही भरून देतो. पात्र कोण ते हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, तपासतात, आम्ही नाही.

आमचे दर: फाईल लावणं, क्रमवार स्कॅन, पेनड्राइव्ह आणि पहिल्या पानाचा सारांश मिळून ४५० रुपये. सारांशात तारखा आणि उपचार एवढंच असतं, आमचं मत नसतं. ‘कोपऱ्यावर झेरॉक्स दोन रुपयांत मिळते’ असं ऐकवतात. मिळते. पण काय राहिलंय ते तो सांगत नाही. एक पूर्ण दिवस लागतो, म्हणून संध्याकाळी गाडी असताना दुपारी येऊ नका. ब्लॉक, नोट किंवा सीडी राहिली असेल तर आम्ही फाईल बंद करत नाही, तुम्हाला परत पाठवतो. त्या फेरीचे वेगळे पैसे नाहीत.

स्लाईड न्यायला फोमचा डबा देतो, २०० रुपये अनामत. ब्लॉक डब्यासोबत पिशवीत ठेवा, पण गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नको, मेण आहे ते. आल्यावर डबा परत करा, पुढच्याला लागतो. रविवारी दुकान बंद.