दूध-गुळाने वेल्डिंगचा धूर निघत नाही

आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला गेलेल्या मुलाला जुने कारागीर हमखास सांगतात, ‘रोज दूध पी, गूळ खा, छातीतला धूर निघून जाईल.’ सल्ला मायेचा आहे, पण चुकीचा.

दूध जातं पोटात, धूर फुप्फुसात. धातूची वाफ हवेत थंड होऊन बनलेले कण बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. ते थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. दूध-गूळ तिथे पोचतच नाही.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा (झिंकचा) थर दिलेला पत्रा जोडताना झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर निघतो. काही तासांनी, बहुतेकदा घरी आल्यावर, थंडी वाजून ताप भरतो आणि तोंडाला धातूची चव येते. हा ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो, श्रेय मात्र दुधाला मिळतं. मला वाटतं, समज टिकला तो यामुळेच. स्टेनलेस स्टीलच्या धुरातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियम धातूचं विषारी रूप, अशी चाहूल देतंच असं नाही, आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला.

दूध जरूर प्या, ते अन्न आहे. पण वर्कशॉपमध्ये धूर ओढून घेणारी नळी जोडाच्या जवळ हवी. डोकं धुराच्या झोतात नको. जोडाजवळचा जस्ताचा थर आधी काढा, तोही मास्क लावूनच. आणि तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. त्यासाठी कण गाळणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटरच लागतो.