काँग्रेसचे बिऱ्हाड: अलाहाबाद ते कोटला रोड

१५ जानेवारी २०२५ रोजी सोनिया गांधींच्या हस्ते दिल्लीतील ‘इंदिरा भवन’चे उद्घाटन झाले आणि काँग्रेसचे मुख्यालय २४, अकबर रोडवरून ९ए, कोटला रोडवर आले. शंभरी कधीच ओलांडलेल्या या पक्षाचे बिऱ्हाड याआधीही अनेकदा हलले आहे. स्वातंत्र्यानंतर ते हलले, ते बहुतेक वेळा पक्ष फुटला म्हणून.

सुरुवातीला तर बिऱ्हाडच नव्हते. १८८५चे पहिले अधिवेशन पुण्यात व्हायचे होते. तिथे कॉलऱ्याची साथ आली आणि ७२ प्रतिनिधी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जमले. त्यानंतर कितीतरी वर्षे काँग्रेस म्हणजे डिसेंबरात दरवर्षी नव्या गावी उभा राहणारा मांडव. हक्काची जागा मिळाली ती १९३० साली. मोतीलाल नेहरूंनी अलाहाबादचे आपले जुने ‘आनंद भवन’ देशाला अर्पण केले आणि त्याचे ‘स्वराज भवन’ झाले. पुढे कचेरी अलाहाबादला असली तरी मोठे निर्णय अनेकदा वर्ध्याला होत, कारण गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला होता. इंग्रजांनी भारतातून निघून जावे, हा कार्यकारिणीचा जुलै १९४२चा ठराव वर्ध्याचाच.

स्वातंत्र्याच्या सुमारास कचेरी दिल्लीत ७, जंतरमंतर रोडवर आली. नेहरूंच्या काळातील काँग्रेस ती हीच. १९६९मध्ये पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा आणि पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे गट वेगळे झाले, तेव्हा वास्तू निजलिंगप्पांच्या संघटना काँग्रेसकडे राहिली. आमदार-खासदार बहुसंख्येने इंदिराजींबरोबर, पण कचेरी नाही! बैलजोडी हे पक्षाचे निवडणूक चिन्हही गोठवले गेले. गाय-वासरू हे नवे चिन्ह घेऊन त्यांच्या पक्षाने ५, राजेंद्र प्रसाद रोडवर संसार मांडला. इकडे संघटना काँग्रेस १९७७मध्ये जनता पक्षात विलीन झाली आणि जंतरमंतरची वास्तूही त्या पक्षाकडे गेली. नेहरूंच्या पक्षाच्या जुन्या कचेरीत त्यांच्या मुलीला पाडणारा पक्ष बसला, यापेक्षा मोठा उपरोध शोधूनही सापडणार नाही.

१९७८च्या जानेवारीत पुन्हा तेच. सत्ता गेलेली, चौकशा मागे लागलेल्या. ब्रह्मानंद रेड्डी आणि यशवंतराव चव्हाण एका बाजूला, इंदिराजी दुसऱ्या बाजूला. या वेळीही जुनी कचेरी आणि जुने चिन्ह, दोन्ही हातचे गेले. चिन्ह म्हणून पंजा आला. जागेचा प्रश्न आंध्रचे खासदार जी. वेंकटस्वामी यांनी सोडवला. त्यांना मिळालेला २४, अकबर रोडचा सरकारी बंगला त्यांनी पक्षाला दिला. अडचणीच्या दिवसांत अशी जागा देणे हे धाडसच होते. साठच्या दशकात याच बंगल्यात ब्रह्मदेशाच्या राजदूत खिन ची राहत होत्या. आंग सान स्यू ची या त्यांच्या कन्या.

तात्पुरते म्हणून घेतलेले हे घर तब्बल ४७ वर्षे टिकले. १९८०ला सत्ता परतली, तरी पक्ष जुन्या वास्तूंकडे वळला नाही. मागच्या बाजूला १०, जनपथ हे सोनिया गांधींचे निवासस्थान असल्याने सत्तेचे खरे दार कोणते, हे कार्यकर्त्यांना सांगावे लागत नसे. १९९८च्या मार्चमध्ये पक्षाध्यक्ष सीताराम केसरींना हटवण्यात आले ते इथेच. डिसेंबर २००४मध्ये नरसिंह रावांचे पार्थिव मात्र फाटकाबाहेरूनच पुढे गेले. पंतप्रधानपद आणि पक्षाध्यक्षपद दोन्ही भूषवलेल्या नेत्याच्या बाबतीत झालेली ही गोष्ट पक्षाला आजही नीट समजावून सांगता येत नाही.

राजकीय पक्षांनी ल्युटेन्स दिल्लीतील सरकारी बंगले सोडून स्वतःच्या भूखंडांवर इमारती बांधाव्यात, या धोरणातून नवी वास्तू आली. पायाभरणी २८ डिसेंबर २००९ची, पक्षाच्या स्थापनादिनाची. भाजपचे नवे मुख्यालय फेब्रुवारी २०१८मध्ये सुरू झाले. काँग्रेसला त्यानंतरही जवळजवळ सात वर्षे लागली. पंधरा वर्षे रखडण्यात सत्तेबाहेर गेलेल्या पक्षाची आटलेली गंगाजळी हेही एक कारण मानले जाते. भूखंड दीनदयाळ उपाध्याय मार्गाला लागून आहे आणि भाजपचे मुख्यालयही त्याच मार्गावर. जनसंघाच्या नेत्याचे नाव पत्त्यात नको, म्हणून काँग्रेसने मुख्य दार कोटला रोडच्या बाजूला काढले.